डीएनए पेशीत पोचवणारं लिपिड: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात मॅडम म्हणाल्या, "आधी डॉटॅप-डोप करून बघ. सोपं आहे." त्या सोप्या कामाला मला पाच महिने लागले. पाच महिन्यांतले चार अशा चुकांत गेले, ज्या कुणी अर्ध्या तासात समजावून सांगितल्या असत्या. तो अर्धा तास इथे लिहून ठेवतोय.

काम काय, तर धनभारित लिपिडचा (स्निग्ध रेणूंचा) वाहक तयार करायचा, त्यावर प्लास्मिड डीएनए (डीएनएचं छोटं वर्तुळ) चढवायचा आणि तो डिशमधल्या पेशींच्या आत पोचवायचा. (डॉटॅप हे ते धनभारित लिपिड. त्याच्या जोडीच्या डीओपीई या लिपिडला लॅबमध्ये सगळे 'डोप' म्हणतात. घरच्यांशी फोनवर बोलताना जरा जपून.)

१. रेणूची ओळख करून घ्या

डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटं असतात, त्यामुळे तो ऋणभारित. पेशीचं आवरणही बाहेरून ऋणभारितच. दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून नुसता डीएनए पेशींवर ओतून काही होत नाही. मध्ये धनभारित मध्यस्थ लागतो. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात डॉटमा नावाचं लिपिड वापरून हे करून दाखवलं आणि त्याला 'लिपोफेक्शन' हे नाव दिलं.

अशा लिपिडचे तीन भाग असतात: डोकं, सांधा आणि शेपट्या. रचना करायची म्हणजे या तिघांत काय बदलायचं ते ठरवायचं.

डोक्यावर धनभार असतो. डॉटॅपच्या डोक्यातल्या नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असतात, म्हणून तो भार कायमचा, पीएच काहीही असो. नायट्रोजनला तीनच कार्बन असतील तर भार पीएचवर ठरतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामी येणार आहे.

सांध्यावर विषारीपणा बराच अवलंबून असतो. डॉटमात ईथरचा सांधा आहे. तो पक्का, पेशीला सहज तोडता येत नाही. डॉटॅपमध्ये त्याजागी एस्टर आहे, तो तुटतो आणि लिपिडची विल्हेवाट लागते. १९९१ मध्ये गाओ आणि हुआंग यांनी आणलेल्या डीसी-कोलेस्टेरॉल या धनभारित लिपिडमध्ये कार्बामेटचा सांधा आहे.

शेपट्या दोन हव्यात. एकाच शेपटीचा धनभारित रेणू म्हणजे साबणच. सीटॅब हे त्याचं उदाहरण, ते पेशीचं आवरण विरघळवून टाकतं. दोन्ही शेपट्या अठरा कार्बनच्या आणि प्रत्येकीत एक दुहेरी बंध असेल (ओलिल), तर थर खोलीच्या तापमानाला पातळ राहतो. दुहेरी बंध काढून टाकला तर तो ताठ होतो आणि गरम केल्याशिवाय हलत नाही.

आता डोप कशाला? त्याचं डोकं लहान आणि शेपट्या पसरट, म्हणजे आकार शंकूसारखा. असे शंकू सपाट थरात नीट बसत नाहीत, त्यांना वाकायचं असतं. वाहक पेशीत शिरतो तो एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकूनच. ती पिशवी फाटली नाही तर आतला माल पेशीच्या कचरापेटीत जातो. पिशवीचा आणि वाहकाचा थर एकमेकांत मिसळून फाटायला डोपचा हा वाकडेपणा मदत करतो. पिशवीच्या थरातली ऋणभारित लिपिडं मग डॉटॅपला चिकटतात आणि डीएनए मोकळा होतो.

नवखे लोक (मीही त्यातलाच) सगळा जीव डीएनए घट्ट धरण्यात घालवतात. भार वाढवत नेला की डीएनए धरला जातोच, त्यात कौशल्य काही नाही. पुढचे सगळे टप्पे वाचताना तो सुटणार कसा, हा प्रश्न डोक्यात ठेवा.

२. कागद आणि सामान आधी जमवा

कागद:
- संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी. पुनर्संयोजित प्लास्मिड पेशीत घालायचा आहे, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची नियमावली लागू होते. समितीची बैठक रोज होत नाही, अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.
- प्लास्मिडचा नकाशा आणि लांबी.
- पेशींचा उगम सांगणारा कागद. पुण्यात गणेशखिंडला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे, तिथून पेशी मागवता येतात. शेजारच्या लॅबमधून 'थोड्या दे ना' म्हणून आणलेल्या पेशी मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी केल्याशिवाय वापरू नका.
- क्लोरोफॉर्मचं सुरक्षा-पत्रक. वाचायचंही आहे, नुसतं फाइलला लावायचं नाही.

सामान: डॉटॅप, डोप, क्लोरोफॉर्म, काचेच्या सिरिंजा, गोल बुडाचा २५ मिलिचा फ्लास्क, रोटाव्हॅप (फ्लास्क फिरवत द्रावक उडवणारं यंत्र), व्हॅक्युम पंप, नायट्रोजन किंवा आरगॉनचा सिलिंडर, एक्स्ट्रूडर (द्रावण पडद्यातून ढकलणारं साधन) आणि १०० नॅनोमीटरचे पॉलिकार्बोनेट पडदे, अगारोज जेलचा संच, हिरवं चमकणारं प्रथिन (जीएफपी) देणारा प्लास्मिड, एचईके२९३टी पेशी (डिशमध्ये वाढणाऱ्या मानवी पेशी) आणि तुलनेसाठी बाजारातलं एखादं तयार ट्रान्स्फेक्शन द्रव्य (डीएनए पेशीत पोचवणारं).

लिपिडं बहुतेक वेळा बाहेरून येतात, बर्फात. आमचं एक पार्सल वाटेत इतके दिवस पडून राहिलं, की उघडलं तेव्हा आतला कोरडा बर्फ उडून गेला होता. तेव्हापासून मागवताना लांब सुट्ट्या लागून येणारे आठवडे टाळतो.

३. हिशेब. इथेच निम्मे लोक घसरतात

डीएनएच्या एका न्यूक्लिओटाइडचं सरासरी वजन ३३० धरा, प्रत्येकावर एक ऋणभार. म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३ नॅनोमोल ऋणभार. डॉटॅपच्या एका रेणूवर एक धनभार. धन आणि ऋण भाराचं गुणोत्तर ३ हवं असेल तर ९ नॅनोमोल डॉटॅप लागेल. तुमचं द्रावण डॉटॅपच्या हिशेबाने १ मिलिमोलर असेल तर एका मायक्रोलिटरात एक नॅनोमोल, म्हणजे ९ मायक्रोलिटर. झालं.

आता सापळे. पहिला: डोपमध्येही नायट्रोजन आहे, म्हणून काही जण तोही मोजतात. मोजायचा नाही. त्याच रेणूत फॉस्फेटही आहे, दोन्ही मिळून भार शून्य.

दुसरा: जुन्या शोधनिबंधांत गुणोत्तर कधी भाराचं असतं, कधी वजनाचं. वरच्याच उदाहरणात भाराचं गुणोत्तर ३ आहे, डॉटॅप-डीएनएचं वजनी गुणोत्तर ६.३ आणि समप्रमाणात डोप धरून एकूण लिपिडचं वजनी गुणोत्तर १३. आकडे तीन, वेल (पेशींच्या प्लेटमधला खळगा) एकच. मी एकदा ६ हे भाराचं समजून दुप्पट लिपिड घातलं आणि सकाळी पेशी माध्यमात तरंगत होत्या.

१ मिलि द्रावणासाठी प्रत्येकी १ मायक्रोमोल लागेल. डॉटॅप क्लोराइडचा रेणुभार ६९८.५, म्हणून ०.७० मिग्रॅ, डोपचा ७४४, म्हणून ०.७४ मिग्रॅ. क्लोरोफॉर्ममधली साठवण १० मिग्रॅ प्रति मिलि असेल तर अनुक्रमे ७० आणि ७४ मायक्रोलिटर.

४. पापुद्रा धरणं

लिपिडची बाटली उणे २० अंशांतून काढली की लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात तर हे फारच पाळा. जुलैतल्या हवेत गार बाटली उघडली की आतल्या बाजूला दव धरतं, आणि डॉटॅप पाणी शोषून घेतं. मग पुढच्या वेळी तुम्ही वजन करता ते थोडं लिपिडचं आणि थोडं पावसाचं.

क्लोरोफॉर्मला प्लास्टिक चालत नाही. साध्या मायक्रोपिपेटच्या टोकाने घेतलंत तर प्लास्टिकमधलं काहीबाही तुमच्या लिपिडमध्ये उतरतं, शिवाय टोकातून थेंब गळत राहतात आणि माप चुकतं. काचेचीच सिरिंज. नायट्राइलचे हातमोजे क्लोरोफॉर्मपुढे फार वेळ टिकत नाहीत. थेंब पडला तर लगेच बदला. सगळं धुरांड्याखाली (फ्यूम हूडमध्ये). उरलेलं हॅलोजनवाल्या कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत, ॲसिटोनच्या बाटलीत कदापि नाही. अल्कली हजर असेल तर ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांचं भांडण स्फोटापर्यंत जाऊ शकतं.

दोन्ही लिपिडं फ्लास्कमध्ये घ्या, वर १-२ मिलि क्लोरोफॉर्म घाला म्हणजे पसरायला जागा मिळते. रोटाव्हॅपवर सावकाश फिरवा. व्हॅक्युम एकदम वाढवलात तर द्रावण उसळतं आणि लिपिड वरच्या नळीला जाऊन बसतं. बुडाला आणि कडांना धुरकट, काचेवर श्वास सोडल्यासारखा थर दिसला पाहिजे. एका जागी पिवळट थेंब जमला असेल तर पुन्हा क्लोरोफॉर्म घालून पुन्हा फिरवा, लाज बाळगू नका. नंतर किमान काही तास, शक्यतो रात्रभर, व्हॅक्युमखाली ठेवा. डोळ्यांना कोरडा दिसणारा पापुद्रा कोरडा असतोच असं नाही, आणि उरलेला क्लोरोफॉर्म पेशी मारतो. तुम्ही मात्र दोष लिपिडला देता.

५. पाणी घालणं आणि आकार देणं

१ मिलि निर्जंतुक पाणी किंवा ५ टक्के ग्लुकोज घाला, अर्धा-एक तास तसंच राहू द्या, मग व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवा). दुधाळ द्रावण मिळेल. यात कांद्यासारखे थरावर थर असलेले मोठे लिपोसोम (लिपिडच्या थराचे पोकळ गोळे) असतात.

पाण्याऐवजी फॉस्फेट बफर घालण्याचा मोह होतो, कारण तो प्रत्येक लॅबमध्ये हाताशी असतो. घालू नका. मीठ भार झाकतं, आणि पुढे डीएनए मिसळल्यावर गुठळ्या होण्याची शक्यता वाढते.

मग एक्स्ट्रूडरमधून १०० नॅनोमीटरच्या पडद्यातून ११ किंवा २१ वेळा. विषम आकडा यासाठी, की शेवटी द्रावण पलीकडच्या सिरिंजमध्ये राहतं आणि न गाळलेला गाळ अलीकडे. डॉटॅप-डोप खोलीच्या तापमानाला पातळच असतं, त्यामुळे गरम करायला नको. पुढे कधी डीएसपीसीसारखं ताठ लिपिड घेतलंत तर ५५ अंशांच्या वर तापवावं लागेल, नाहीतर पडदा फाटेल आणि मनगटही दुखेल. एक्स्ट्रूडर नसेल तर प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण बारीक करणारा) चालतो, पण प्रोबमधून टायटॅनियमचे कण सुटतात. ते सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा.

आकार प्रकाश विकिरणाच्या यंत्रावर मोजा. विखुरला जाणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणून धुळीचा एक कण हजारो चांगल्या कणांना झाकून टाकतो. क्युव्हेट धुळीपासून जपा. पीडीआय (कणांचे आकार किती कमीजास्त आहेत त्याचा आकडा) ०.२ च्या आसपास असेल तर पुढे जा. झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) चांगलाच धन यायला हवा. ऋण आला तर द्रावण बदलायच्या आधी बाटलीवरचं लेबल तपासा. हसू नका, झालंय.

६. डीएनए मिसळणं

डीएनए आणि लिपोसोम दोन्ही वेगवेगळे पातळ करा, दोघांचं आकारमान सारखं ठेवा. मग एक दुसऱ्यात एका दमात घाला आणि लगेच ढवळा. कशात काय घालायचं यावर दोन पंथ आहेत. मी लिपिडमध्ये डीएनए घालतो. पंथ कुठलाही धरा, पण दर वेळी तोच. १५-२० मिनिटं थांबा.

भाराचं गुणोत्तर १ च्या जवळ आलं की कणांवर भार उरत नाही, ते एकमेकांना चिकटतात आणि द्रावण नासलेल्या दुधासारखं दिसतं. हे तुमच्या हातचं अपयश नाही, अपेक्षितच आहे. १ च्या बरंच वर किंवा बरंच खाली राहायचं. पेशींसाठी २ ते ४ मधून सुरुवात करा.

७. जेलवर खात्री

१ टक्का अगारोज, प्रत्येक खाचेत २०० नॅनोग्रॅम डीएनए, गुणोत्तरं ०, ०.५, १, २, ३, ४. वीज लावली की बांधला गेलेला डीएनए खाचेतच अडकून राहतो, मोकळा खाली पळतो.

इथे माझा दीड महिना गेला. कुठल्याही गुणोत्तराला डीएनए बांधलाच जाईना, सगळा आपला खाली. लिपिड बदललं, प्लास्मिड बदलला, पाणी बदललं. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ताईने विचारलं, "लोडिंग डाय कुठला घेतोस?" जेलवर घालण्याआधी मिसळायच्या त्या रंगाच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: एसडीएस. म्हणजे साबण. मी कण करत होतो आणि जेलवर घालण्याच्या मिनिटभर आधी स्वतःच धुऊन टाकत होतो. फक्त ग्लिसरॉल आणि रंग असलेला डाय घरीच बनवा.

दुसरी गोष्ट: घट्ट बांधलेल्या डीएनएत इथिडियम (डीएनए चमकवणारा रंग) शिरत नाही, त्यामुळे खाचेतही काही चमकत नाही. 'डीएनए गायब' असं वाटतं, पण तो तिथेच असतो. तो सुटतो का हे बघण्यासाठी त्याच मिश्रणात हेपॅरिन घालून दुसरी रांग चालवा. हेपॅरिन प्रचंड ऋणभारित, ते डीएनएला बाहेर ढकलतं. भरपूर हेपॅरिन घालूनही डीएनए सुटत नसेल तर पेशीत तो सुटेल अशी फार आशा धरू नका.

८. पेशींवर

आदल्या संध्याकाळी २४ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी साधारण १ लाख पेशी. सकाळी ७०-८० टक्के जागा भरलेली हवी. विरळ पेशी धनभारित लिपिड सोसत नाहीत. प्रत्येक वेलला ०.५ मायक्रोग्रॅम डीएनए, म्हणजे गुणोत्तर ३ साठी ४.५ मायक्रोलिटर लिपोसोम. माध्यमात सीरम नको, कारण त्यातली ऋणभारित प्रथिनं कणांवर चढून बसतात. प्रतिजैविकंही नकोत, लिपिडने आवरण ढिलं झालेलं असतं, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीपेक्षा जास्त आत जातं. ४ ते ६ तासांनी सीरमवालं माध्यम द्या. २४ आणि ४८ तासांनी बघा.

हे पाच वेल वगळू नका: काहीच न घातलेला, नुसता डीएनए, नुसतं लिपिड, जीएफपी नसलेला प्लास्मिड लिपिडसह, आणि बाजारातलं द्रव्य.

का, ते सांगतो. शनिवारच्या बैठकीत मी मोठ्या अभिमानाने हिरव्यागार पेशींचा फोटो पडद्यावर लावला. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या. "नुसत्या लिपिडचा वेल कुठाय?"
"तो केला नाही, मॅडम."
"कर."
सोमवारी केला. तोही हिरवा. मेलेल्या पेशी आपोआपच थोड्या हिरव्या चमकतात, आणि माझ्या जवळजवळ सगळ्या मेल्या होत्या. तेव्हापासून साध्या प्रकाशातला फोटो शेजारी लावल्याशिवाय मी हिरवा फोटो कुणाला दाखवत नाही. मेलेल्या पेशी प्रोपिडियम आयोडाइडने लाल करून वेगळ्या काढता येतात. किती जगल्या त्यासाठी एमटीटी (जिवंत पेशी मोजणारी रंगाची चाचणी), वाचन ५७० नॅनोमीटरला.

प्लास्मिडही तपासा. २६०/२८० चं गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींना शोषलेल्या प्रकाशाचं) १.८ ते २.० असलं तरी एंडोटॉक्सिन (जिवाणूंकडून आलेलं विष) त्यात दिसत नाही. काही पेशी त्यानेच रुसतात.

९. जमलं नाही तर काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट, आणि या क्रमाने: आधी भाराचं गुणोत्तर, मग डीएनएची मात्रा, मग डोपचं प्रमाण. डोपच्या जागी कोलेस्टेरॉलही घालून बघा. सीरममध्ये काम करायचं असेल तर ते बऱ्याचदा टिकाऊ ठरतं. नवीन रेणू संश्लेषित करायला यानंतरच बसा. मला पहिल्याच महिन्यात नवीन डोकं बनवायचं होतं. बनवलं असतं तर ते चाललं की नाही हे ओळखण्याची सोयच माझ्याकडे नव्हती, कारण जुनंच चालत नव्हतं.

नवीन रेणू बनवायचाच तर शेपट्या आणि सांधा तसेच ठेवून फक्त डोकं बदला, किंवा उलट. दोन्ही एकदम बदललेत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

प्राण्यांपर्यंत जायचा विचार असेल तर कायमच्या धनभाराचा सोस सोडा. रक्तात असे कण प्रथिनांना चिकटतात आणि भलतीकडेच जातात. तिथे तीन कार्बनवाला नायट्रोजन कामाला येतो: रक्ताच्या पीएचला जवळजवळ भाररहित, एंडोसोमच्या आंबट पाण्यात धनभारित. डीलिन-एमसी३-डीएमए या लिपिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ६.४४ आहे. त्यावर उभं राहिलेलं पॅटिसिरान हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर झालं. त्यातलं मोल-प्रमाण ५०:१०:३८.५:१.५, अनुक्रमे एमसी३, डीएसपीसी, कोलेस्टेरॉल आणि पेगवालं लिपिड. कोविडच्या एमआरएनए लशींनंतर हे क्षेत्र एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते. आरएनए घेऊन काम करणार असाल तर वरचं सगळं लागू, अधिक एक: टेबल, पिपेट, हातमोजे, सगळीकडे आरएनएज (आरएनए तोडणारं विकर) आहे असं धरूनच चाला.

तयार लिपोसोम ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. गोठले की फुटतात आणि एकमेकांत मिसळतात. दर आठवड्याला आकार पुन्हा मोजा, वाढायला लागला की फेकून द्या. बाटलीवर तारीख, प्रमाण आणि तुमचं नाव घाला. आमच्या फ्रिजच्या दारात एक बाटली अजून आहे. त्यावर नुसतं 'नवीन' लिहिलंय, आणि ती कुणाची ते कुणालाच माहीत नाही.